क्रोएशिया: प्रिमोश्टेनमध्ये मुक्काम आणि मरीनातून बोट – मेअखेर की दिवाळी?

मीनल_ठाणे:

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी क्रोएशियाच्या किनाऱ्यावर जायचं ठरतंय. दुब्रोवनिक-स्प्लिटची धावपळ नको. एकाच छोट्या गावात मुक्काम ठोकून समुद्र, थोडं हिंडणं आणि जमलं तर शिडाच्या बोटीचा अनुभव, एवढंच हवं आहे. शिबेनिक आणि त्रोगिरच्या मधलं प्रिमोश्टेन पसंत पडलंय, कारण गाव लहान आहे आणि जवळच मरीना क्रेमिक (बोटी लावायचं बंदर) आहे.

आम्ही सहा जण: मी, नवरा, बहीण, तिचे यजमान, माझी ११ वर्षांची मुलगी आणि सासूबाई (वय ७०, गुडघे दुखतात, जिने फार नकोत). बहिणीच्या यजमानांनी शिडाच्या बोटीचं आरवायए डे स्किपर (ब्रिटिश संस्थेचं कप्तानकीचं) प्रशिक्षण घेतलंय. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही.

प्रश्न:
१. मुलीच्या सुट्टीमुळे पर्याय दोनच, मेचा शेवटचा आठवडा किंवा दिवाळीची सुट्टी. कुठला घ्यावा?
२. जुन्या गावात राहावं की बाहेर?
३. गाडी भाड्याने घ्यावी का?
४. आठवडाभराची बोट घ्यावी का? सोबत स्किपर (बोट चालवणारा कप्तान) लागेल का?
५. शाकाहारी जेवणाचं काय?

---

दर्यासारंग:

मीनलताई, पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून आधी तोच घेतो. मेअखेर घ्या. जूनचा पहिला आठवडा जोडता आला तर आणखी चांगलं.

ऑक्टोबरच्या शेवटी तिथला हंगाम संपलेला असतो. प्रिमोश्टेनसारख्या गावात बरीच रेस्टॉरंटं आणि भाड्याची घरं तेव्हा बंद होतात, बोटींच्या फेऱ्या कमी होतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. त्याउलट १ जूनच्या आसपास साडेआठपर्यंत उजेड असतो. मुलगी आणि सासूबाई बरोबर असताना या साडेतीन तासांचं मोल मोठं आहे. दुपारी विश्रांती घेऊनही संध्याकाळचा समुद्र हाती राहतो.

मेअखेरीची एकच उणी बाजू म्हणजे पाणी. समुद्राचं तापमान तेव्हा १९-२० अंश असतं, जुलै-ऑगस्टमध्ये ते २४-२५ पर्यंत जातं. आपल्या किनाऱ्यावर वर्षभर २६-२७ च्या वरच्या पाण्याची सवय असते, त्यामुळे पहिल्या दिवशी दम लागतो. मुलीसाठी अर्ध्या बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा निओप्रीनचा सूट इथूनच नेलात तर ती वीस मिनिटांऐवजी तासभर पाण्यात राहील. योगायोगाने, ऑक्टोबरअखेरही पाणी साधारण तेवढंच असतं. म्हणजे पाण्याच्या बाबतीत दिवाळीचा काही फायदा नाही.

आता वारे. यांची नावं तिथल्या प्रत्येक माणसाच्या तोंडी असतात, तेव्हा ओळख करून घ्या.

माएस्त्राल हा उन्हाळ्यातला दिवसाचा वारा, वायव्येकडून येणारा. आपल्या खाऱ्या वाऱ्यासारखाच तो जमीन तापली की सुरू होतो. सकाळी दहा-अकराला उठतो, दुपारी तीनच्या आसपास जोर धरतो, सूर्यास्ताला पडतो. शिडाच्या बोटीला हाच हवा. पण लहान मोटरबोटीला आणि पोट नाजूक असलेल्यांना दुपारचं पाणी त्रास देतं. म्हणून बोटीची कुठलीही सहल सकाळी लवकर सुरू होणारी निवडा.

युगो हा आग्नेयेचा, दमट, ढगाळ वारा. एकदम झडप घालत नाही, दोन-तीन दिवस वाढत जातो आणि लाटा मोठ्या करतो. हा वसंतात आणि शरदात जास्त असतो, दिवाळी नको म्हणण्याचं हे आणखी एक कारण.

बुरा ईशान्येकडून डोंगर उतरून येणारा कोरडा, झोताझोतांचा वारा. जोर हिवाळ्यात, पण उन्हाळ्यातही वादळ सरल्यावर एखादी रात्र येतो. आकाश स्वच्छ असताना अचानक येत असल्यामुळे नांगरावर उभ्या बोटींना त्याचाच सगळ्यात जास्त धोका असतो.

कोकणातल्या माणसाला हायसं वाटेल अशी एक गोष्ट: तिथे भरती-ओहोटीचा हिशेब जवळजवळ ठेवावाच लागत नाही. पाणी वीस-तीस सेंटिमीटर वरखाली होतं, बस. सकाळी टॉवेल टाकलेली जागा संध्याकाळीही कोरडीच असते.

बोटीबद्दल वेगळं लिहितो, ते मोठं प्रकरण आहे.

---

श्रीरंग_म्युनिक:

पोहोचणं, व्हिसा आणि गाडी याबद्दल लिहितो.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे आणि चलन युरो आहे. जुन्या लेखांमध्ये कुना हे चलन आणि वेगळा क्रोएशियन व्हिसा असं वाचायला मिळेल, ते आता लागू नाही. सगळ्यात जास्त रात्री क्रोएशियात असतील तर अर्ज क्रोएशियाकडेच करायचा, विमान फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे असलं तरी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मेच्या प्रवासासाठी जानेवारीतच हात घाला. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. सासूबाईंसाठी विमा घेताना आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का ते पॉलिसीत वाचून घ्या, ७० नंतर अनेक योजनांमध्ये ही मर्यादा खूप खाली येते.

बॉस्नियातल्या मोस्तारला एक दिवस जाण्याचा मोह झाला तर लक्षात ठेवा, बॉस्निया शेंगेनमध्ये नाही. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत आत येता येणार नाही. दुब्रोवनिकला जायचं असेल तर मात्र आता अडचण नाही. पूर्वी मध्ये बॉस्नियाचा पट्टा ओलांडावा लागायचा, जुलै २०२२ मध्ये पेल्येशाच पूल सुरू झाल्यापासून सगळा रस्ता क्रोएशियातूनच आहे.

सर्वात जवळचा विमानतळ स्प्लिट. नाव स्प्लिट असलं तरी तो शहराबाहेर पश्चिमेला, त्रोगिरच्या अगदी जवळ आहे, म्हणजे तुमच्याच बाजूला. तिथून प्रिमोश्टेन टॅक्सीने पाऊण तास. सहा जण आणि सहा बॅगा साध्या टॅक्सीत मावणार नाहीत, घरमालकाला सांगून व्हॅन ठरवा. बसने जायचं तर स्प्लिट-त्रोगिर मार्गावरची ३७ नंबरची शहर बस विमानतळाजवळून जाते. त्रोगिरच्या बस स्थानकावर उतरून किनाऱ्याने शिबेनिककडे जाणारी बस घ्यायची. तिकीट काढताना बस प्रिमोश्टेनला थांबते का ते विचारा, काही गाड्या आतल्या महामार्गाने जातात.

गाडी घ्यावी का? सात दिवसांपैकी तीन दिवस पुरते. गावात तिचा उपयोग नाही, जुन्या भागात गाडी जातच नाही आणि पार्किंगला पैसे पडतात. क्रका राष्ट्रीय उद्यान, शिबेनिक, त्रोगिर असे लागोपाठ तीन दिवस ठेवून तेवढीच घ्या. सात आसनी गाडी सहा जणांना पुरते, पण तिसरी रांग उघडली की डिकीत दोनच बॅगा बसतात, म्हणून विमानतळाची ने-आण या गाडीने करू नका.

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो आपल्या आरटीओतून निघतो आणि एक वर्ष चालतो. ज्याच्या नावावर गाडी, त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं. अनामत रक्कम कार्डावर अडवून ठेवली जाते, आणि प्रीपेड फॉरेक्स कार्डावर ती बहुतेक ठिकाणी अडवून घेत नाहीत. आपल्याकडचे लोक काउंटरवर अडकतात ते इथेच: फॉरेक्स कार्डात भरपूर पैसे असतात, पण गाडी मिळत नाही. निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करा आणि मर्यादा वाढवून घ्या.

हा धागा वाचणारे जर्मनीतले मराठी लोकही असतील, त्यांच्यासाठी: म्युनिकहून गाडीने अंतर ९०० किलोमीटरच्या आसपास आहे. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियाचा विग्नेट (महामार्गाचा ठरावीक मुदतीचा पास) वेगवेगळा, शिवाय टाउअर्न आणि कारावांकेन बोगद्यांचा टोल निराळा, क्रोएशियात टोल अंतरानुसार. शनिवारी निघू नका. तिथली घरं आणि बोटी दोन्ही शनिवारी बदलतात, त्यामुळे कारावांकेनच्या तोंडाशी रांग लागते. शुक्रवारी रात्री किंवा रविवारी पहाटे रस्ता मोकळा मिळतो.

---

सागरगोटा:

राहण्याबद्दल आणि खाण्याबद्दल.

प्रिमोश्टेनचं जुनं गाव मुळात बेट होतं. तुर्कांच्या भीतीने लोक तिथे येऊन राहिले, तटबंदी घातली, आणि पुढे भीती सरल्यावर मधला पूल काढून भराव घालून ते मुख्य जमिनीला जोडलं. त्यामुळे आजही ते टेकडीसारखं गोल आहे आणि सगळ्या गल्ल्या वर संत युराय चर्चकडे चढतात. फोटोत पाहून सगळे इथेच घर शोधतात. तुमच्या बाबतीत मी नको म्हणेन. गल्ल्यांमधले चुनखडीचे दगड पिढ्यान् पिढ्या पायांखाली झिजून गुळगुळीत झालेत, ओले झाले की घसरतात. बॅगा दारापर्यंत उचलून न्याव्या लागतात आणि घरं अरुंद असल्यामुळे झोपायची खोली बहुतेक वरच्या मजल्यावर असते. सासूबाईंना दिवसातून दोनदा तो चढ झेपणार नाही.

जुन्या गावाच्या उत्तरेला पाइनच्या झाडांनी झाकलेली दुसरी जिभेसारखी जमीन आहे, ती रादुचा. गावाचा मुख्य किनारा तिथेच आहे, हॉटेल झोराही तिथेच. रादुचाच्या पायथ्याशी तळमजल्यावरचं घर शोधा. तिथून किनारा आणि जुन्या गावाचं तोंड दोन्ही सपाट वाटेने चालत आहे. जाहिरातीत ‘समुद्रापासून १०० मीटर’ असतं ते बऱ्याचदा नकाशावरचं सरळ अंतर. महामार्गाच्या वरच्या उतारावरची घरं स्वस्त आणि दृश्य सुंदर, पण येताना चढ किंवा पायऱ्या. मालकाला दोनच प्रश्न विचारा: रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या, आणि दारापासून किनाऱ्यापर्यंत किती. आकडा लेखी मागा.

जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक घरं शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. मेअखेरीस चार-पाच रात्रीही मिळतात. आल्यावर मालक पासपोर्ट मागेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पाहुण्यांची सरकारी नोंद त्याला करावीच लागते. माणशी दर रात्रीचा छोटा पर्यटन करही असतो, तो भाड्यात धरलाय का ते आधी विचारा.

किनारा वाळूचा नाही, बारीक गोट्यांचा आहे. याच कारणाने पाणी इतकं नितळ दिसतं, ढवळायला गाळच नसतो. पण अनवाणी चालवत नाही. सगळ्यांसाठी रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घ्या, तिथे दुकानात मिळतात. ते फक्त गोट्यांसाठी नव्हेत. कडेच्या खडकांवर समुद्री साळी, म्हणजे काळ्या काट्यांचे गोळे, चिकटलेले असतात. काटा रुतला तर तो ठिसूळ असतो, जोर लावला की आतच मोडतो. कोमट पाणी आणि व्हिनेगरमध्ये पाय बुडवून कातडी मऊ करायची, मग बारीक चिमट्याने सरळ वर ओढायचा. चिमटा औषधांच्या पिशवीत ठेवाच. पाण्यात उतरण्यासाठी जिथे काँक्रीटचा चौथरा आणि शिडी आहे ती जागा सासूबाईंसाठी बरी, गोट्यांच्या उतारावर लाट मागे जाताना पाय सरकतो.

जेवण. दाल्मातियाचं (क्रोएशियाच्या या किनारपट्टीचं) जेवण माशांचं आणि मांसाचं, पण शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. ब्लित्वा, म्हणजे पालकासारखी पालेभाजी बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेलात, जवळजवळ सगळीकडे असते, पण ती माशाची जोडभाजी म्हणून लिहिलेली असते, वेगळी मागा. निखाऱ्यावर भाजलेल्या भाज्या म्हणजे ‘पोव्र्चे ना झारू’. टोमॅटोचा पास्ता, मार्गेरिटा पिझ्झा आहेतच. बेकरीतला बुरेक (सारण भरलेला पापुद्र्यांचा पदार्थ) घेताना ‘सा सिरोम’ म्हणा, म्हणजे चीजचा. नुसतं बुरेक म्हटलं तर मांसाचा हातात येतो. सिरोमच्या सारणात काही ठिकाणी अंडं घालतात, तेव्हा सासूबाईंसाठी विचारून घ्या. काळा रिसोत्तो हा मऊ भात माकुळाच्या शाईचा, नावात मासा दिसत नाही म्हणून फसू नका. भाज्यांच्या सूपमध्येही बऱ्याचदा मांसाचं पाणी असतं. ‘बेझ मेसा, बेझ रिबे, बेझ याया’, म्हणजे मांस, मासा, अंडं नको, ही एक ओळ फोनमध्ये लिहून ठेवा.

घरात रोज एक वेळ स्वयंपाक केलात तर प्रश्नच मिटतो. दुकानात मसूर ‘लेचा’, काबुली चणे ‘स्लानुताक’, तांदूळ ‘रिझा’, दूध ‘म्लियेको’. दह्यासाठी ‘किसेलो म्लियेको’ घ्या, ते आपल्या विरजलेल्या दह्याच्या सर्वात जवळचं आहे. ‘योगुर्त’ नावाने मिळणारं बहुतेक पातळ, प्यायचं असतं. बहुतेक घरांत काचेची विजेची शेगडी किंवा इंडक्शन असतं. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, स्टीलचा तीन लिटरचा न्या.

इथून काय नेऊ नये हे त्याहून महत्त्वाचं. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड, पनीर काहीच नाही. ताजा कढीपत्ता, आंबे, ताज्या मिरच्याही नाहीत. ताज्या वनस्पतींना प्रमाणपत्र लागतं. नारळाला सूट आहे. मसाले, भाजलेले पोहे, मेतकूट, चटण्या, चिवडा चालतात. मेअखेर म्हणजे आंब्याचे दिवस, पिशवीत दोन हापूस ठेवायचा मोह होतो, तो आवरा.

आणि रविवार. १ जुलै २०२३ पासून तिथे दुकानांना वर्षातले फक्त १६ रविवार उघडता येतात. ते रविवार दुकानदार उन्हाळ्याच्या ऐन गर्दीसाठी राखतात, मेअखेरीचा रविवार बंद असण्याचीच शक्यता जास्त. शनिवारी संध्याकाळी पोहोचणार असाल तर सोमवार सकाळपर्यंतचं सामान त्याच दिवशी घ्या. बेकऱ्या बहुधा उघड्या असतात. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका.

क्रका राष्ट्रीय उद्यानाबद्दल एकच सुधारणा, कारण जुने व्हिडिओ पाहून मुलं हट्ट धरतात: स्क्रादिन्स्की बुक धबधब्याखाली पोहायला १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे. तरी जाण्यासारखं नक्की आहे. लोझोवाचच्या दाराने जाऊ नका, स्क्रादिन गावातून जा. तिथून उद्यानाची बोट नदीतून वर नेते, तिकिटातच धरलेली असते, आणि सासूबाईंना तेवढा प्रवाससुद्धा पुरेसा आनंद देईल. हंगामात प्रवेश माणशी ४० युरोच्या घरात जातो. सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या बोटीने गेलात तर लाकडी पुलांवर रेटारेटी नसते.

शिबेनिकचं संत याकोव कॅथेड्रल (१४३१ ते १५३५ असं शंभर वर्षं बांधलेलं, २००० पासून जागतिक वारसा) पाहाल तेव्हा बाहेरच्या भिंतीवर दगडात कोरलेली माणसांची डोकी मुलीला शोधू द्या. ७१ आहेत, एकासारखं दुसरं नाही.

---

मीनल_ठाणे:

इतकं तपशीलवार कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. मेअखेर नक्की केलं. रादुचाच्या बाजूला घर बघते. दर्यासारंग, आता बोटीचं सांगा. बहिणीच्या यजमानांना आठवडाभर शिडाची बोट घ्यायचीच आहे. सगळे मावतील का, आणि खर्च साधारण किती?

---

दर्यासारंग:

आधी स्पष्ट मत. सहा जणांनी मिळून आठवडाभर एकाच शिडाच्या बोटीवर राहणं तुमच्या घराला सोयीचं नाही. कारण सासूबाईंचे गुडघे. साध्या एका बुडाच्या बोटीत केबिनमध्ये उतरायला चार-पाच पायऱ्यांची जवळजवळ उभी शिडी असते, रात्री शौचालयासाठी आणि सकाळी चहासाठी तीच. धक्क्यावर उतरताना पासारेला, म्हणजे हातभर रुंदीची हलती फळी. आणि शिडावर बोट २० अंश कलते तेव्हा बसल्या जागीही तोल सांभाळावा लागतो.

पर्याय तीन. पहिला, कॅटामरान. दोन बुडांमुळे फारशी कलत नाही, दिवाणखाना आणि मागचा कट्टा एका पातळीवर, झोपायला मात्र दोन-तीन पायऱ्या खाली. भाडं त्याच आकाराच्या साध्या बोटीच्या दीडपट ते दुप्पट, मरीनातही जागेचे पैसे जास्त. दुसरा, सगळ्यांनी प्रिमोश्टेनमध्ये राहून दोन दिवस स्किपरसह दिवसाची बोट घ्यायची. तिसरा, मेअखेरीच्या मंदीत काही कंपन्या तीन-चार दिवसांचीही बोट देतात. बहीण-यजमान आणि ज्यांना हौस आहे ते बोटीवर, बाकीचे घरात. तिसरा मला सर्वात बरा वाटतो.

परवाना. क्रोएशियात इंजिन असलेली छोटी बोट चालवायलासुद्धा परवाना लागतो, ‘एक तासासाठी द्या’ असं चालत नाही. शिडाच्या बोटीसाठी दोन कागद हवेत: कप्तानकीचा मान्य परवाना आणि व्हीएचएफ रेडिओचं (बोटीवरच्या बिनतारी संपर्काचं) प्रमाणपत्र. बहुतेकांचं दुसरं राहून जातं. कोणत्या देशाचे कोणते परवाने चालतात याची यादी तिथल्या सागरी मंत्रालयाने काढलेली आहे. पैसे भरण्याआधी दोन्ही कागदांच्या प्रती कंपनीला पाठवून ‘चालतील’ असं लेखी घ्या. परवाना चालला तरी हात बसलेला नसेल तर पहिले दोन दिवस स्किपर घ्याच, बंदरात उलटी बोट लावणं हे प्रशिक्षणात दोनदा करून अंगवळणी पडत नाही.

स्किपरला झोपायला जागा आणि जेवण तुम्हीच द्यायचं असतं. म्हणजे सहा जण आणि तो धरून सात, तीन केबिनची बोट पुरत नाही. चार केबिनची, साधारण ४५ फुटी बघा.

खर्च मेअखेरीचा, ढोबळ: ४०-४५ फुटी बोट आठवड्याला २,००० ते ३,००० युरो, ऑगस्टमध्ये याच्या जवळपास दुप्पट. स्किपर दिवसाला २०० युरोच्या आसपास. साफसफाई, चादरी, गॅस यांचं सक्तीचं पॅकेज १५० ते ३०० युरो, जे जाहिरातीच्या दरात नसतं. अनामत २,००० ते ३,०००, क्रेडिट कार्डावर अडवलेली. श्रीरंग यांनी फॉरेक्स कार्डाबद्दल लिहिलंय ते इथेही तसंच. अनामतीचा विमा वेगळा मिळतो, घ्या. मरीनातली एक रात्र या आकाराला हंगामात शंभर युरोच्या घरात जाते, बोयावर (पाण्यातल्या तरंगत्या गोळ्याला बांधून) किंवा नांगरावर बरीच कमी.

वेळापत्रक. बोट शनिवारी संध्याकाळी पाचला मिळते आणि पुढच्या शनिवारी सकाळी नऊला सोडायची असते. पण करारात शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मूळ मरीनात परतायचं लिहिलेलं असतं, डिझेल काठोकाठ भरून. शुक्रवारी चार ते सहा डिझेलच्या पंपावर रांग लागते, दुपारी दोनला पोहोचा. म्हणजे प्रत्यक्ष पूर्ण दिवस पाचच.

ताबा घेताना घाई करू नका, किमान तासभर द्या. इंजिन सुरू करून मागच्या नळीतून पाणी फेकलं जातंय का पाहा. नाही फेकलं तर थंड करणारं पाणी येत नाहीये, लगेच बंद करा. तेलाची पातळी काडीने बघा. नांगराचं विंच वर-खाली चालवून बघा, त्याचं ब्रेकर कुठे आहे ते विचारा, कारण साखळी अडकली की तेच पडतं. साखळी किती मीटर आणि खुणा कशा. शिडं पूर्ण उघडून शिवण तपासा. मुलीच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, आधीच कळवलं नसेल तर बहुधा नसतं. बोटीच्या अंगावरचे सगळे जुने ओरखडे तारीख दिसेल असे फोनवर टिपा आणि तपासणीच्या कागदावर लिहून घ्या. अनामतीचे वाद इथेच टळतात.

शौचालय हा गमतीचा विषय नाही, आठवडा बिघडवणारी पहिली गोष्ट हीच. पोटातून गेलेल्या गोष्टींशिवाय काहीही त्यात टाकायचं नाही, कागदसुद्धा नाही, त्यासाठी पिशवी ठेवायची. नळी तुंबली तर दुरुस्तीचे पैसे तुमचे. टाकीची झडप खाडीत आणि मरीनात बंद, किनाऱ्यापासून दूर खुल्या समुद्रातच उघडायची.

पाणी आणि वीज. टाकी ४००-५०० लिटरची. सहा-सात माणसांनी नेहमीसारखी आंघोळ केली तर दीड दिवसात संपते, अंगावर पाणी घेऊन नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ, असं केलं तर तीन दिवस पुरते. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासून मग गोड्या पाण्यातून काढायची. फ्रिज बॅटरी खातो, नांगरावर रात्र काढलीत तर सकाळी तासभर इंजिन लागतं. स्वयंपाकाची शेगडी झोक्यावर टांगलेली असते, बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. तीन लिटरचा कुकर तिच्यावर बसतो, पण कडेचे पकडीचे दांडे कसून घ्या आणि बोट चालू असताना कुकर लावू नका. झाल्यावर गॅस सिलिंडरलाच बंद.

धक्क्याला लावताना तिथली पद्धत म्हणजे पाठ धक्क्याकडे. फेंडर (घासण्यापासून वाचवणाऱ्या हवेच्या उशा) दोन्ही बाजूंना आधीच बांधायचे, मागचे दोन्ही दोर मोकळे करून हातात. वारा बाजूने असेल तर वाऱ्याकडचा दोर आधी फेकायचा. मरीनाचा माणूस पाण्यात बुडालेला एक बारीक दोर वर उचलून देतो, तो ‘मुरिंग’. तो घेऊन बोटीच्या कडेने पुढे चालत जायचं आणि पुढच्या खुंटीला ताणून बांधायचा. हातमोजे हवेत, दोराला शिंपले आणि चिखल असतो, तळहात कापतो. आणि मुरिंग उचललेला असताना इंजिन न्यूट्रलमध्येच. दोर पंख्यात गुंडाळला तर पाणबुड्या बोलवावा लागतो.

नांगर टाकताना पाण्याच्या खोलीच्या किमान चारपट साखळी, वारा असेल तर आणखी. तळाशी गडद दिसतं ते पोसिडोनिया गवत, त्यात नांगर धरत नाही आणि ते जपायलाही हवं. फिकट निळा, वाळूचा डाग शोधा.

मार्ग क्रेमिकहून: झ्लारिन (मोटारी नसलेलं बेट, पूर्वी पोवळ्यांसाठी प्रसिद्ध), मग संत निकोला किल्ल्याजवळून आत शिरून शिबेनिकवरून नदीतून वर स्क्रादिन, परत बाहेर काप्रिये, तिथून कोर्नाती, आणि झिर्येवरून परत. कोर्नाती राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट बोटीवर लागतं, ऑनलाइन आधी काढलं तर बरंच स्वस्त. चार दिवसच असतील तर कोर्नाती सोडा, झ्लारिन-स्क्रादिन-काप्रिये एवढंच करा.

---

श्रीरंग_म्युनिक:

दर्यासारंग यांच्या दुसऱ्या पर्यायाला जोड. सासूबाई आणि मुलीला बोटीतून बेटावर न्यायचं असेल तर खासगी बोटच हवी असं नाही. शिबेनिकच्या धक्क्यावरून याद्रोलिनिया कंपनीची प्रवासी बोट झ्लारिन आणि प्रविच बेटांवरून वोदित्सेला जाते. तिकीट काही युरोंचं. सकाळी झ्लारिनला उतरायचं, सपाट धक्क्याने हिंडायचं, संध्याकाळच्या बोटीने परत. शेवटच्या परतीच्या बोटीची वेळ धक्क्यावरच्या फलकावरून टिपून घ्या, मेचं आणि जुलैचं वेळापत्रक वेगळं असतं.

---

दर्यासारंग:

उत्तम सूचना. शेवटच्या दोन गोष्टी. क्रेमिकहून दक्षिणेला त्रोगिर-स्प्लिटकडे जायचं मनात आलं तर रोगोझनित्सानंतर प्लान्का भूशिर लागतं. इथे उत्तर आणि दक्षिण दाल्मातियाचे वारे एकमेकांना भिडतात आणि बेटांचा आडोसा नाही, म्हणून समुद्र नेहमीच खवळलेला वाटतो. ते सकाळी नऊच्या आत ओलांडायचं, युगोचा अंदाज असेल तर रोगोझनित्सातच थांबायचं.

मळमळीची गोळी बोट हलायला लागल्यावर उपयोगाची नाही, निघण्याआधी तासभर घ्यायची. मुलीचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा, या गोळ्यांनी झोप येते. समुद्रावर मदतीसाठी फोन १९५, रेडिओवर चॅनल १६. दोन्ही नंबर बोटीवरच्या प्रत्येकाला माहीत हवेत, एकट्या स्किपरला नव्हे.